सिस्टरांच्या गाडीखालचा डाग

आमच्या गॅरेजच्या फरशीचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नाही. पप्पा म्हणतात लाल होती, त्यांच्या जोडीला काम करणारे चाचा म्हणतात हिरवी. तेल सांडतं, त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, भुसा झाडून काढायचा. तरी थोडंसं तेल राहतंच. वर्षानुवर्षांचं ते थोडंसं आता बोटभर जाड झालंय. किश्शांचंही तसंच असतं. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण झाडून झाल्यावरही राहतात!

आमचं गॅरेज कोपरगावात, येवला रोडला. वर घर, खाली गॅरेज. शाळा सुटली की मी कोपऱ्यातल्या टेबलावर दहावीचा अभ्यास करत बसते. मी फार बोलत नाही. त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं, मला ऐकूही येत नाही. हे फार सोयीचं असतं.

खालचे सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत. सिस्टरांच्या पांढऱ्या अँबेसिडरचे.

*

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या रिटायर नर्स. वय एकाहत्तर. घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात. राहतात गोदावरीच्या बाजूच्या एका वस्तीवर, एकट्या. सीटवर उशी ठेवून स्वतः गाडी चालवतात, आणि समोरून फक्त त्यांचा चष्मा आणि अंबाडा दिसतो.

गाडी जुनी, त्यामुळे इंजिनातून तेल गळायचं. उभी केली की खाली काळा डाग. दुसऱ्याच्या अंगणात घाण नको म्हणून सिस्टरांनी उपाय काढला होता. कुठंही गेल्या की आधी वाकून गाडीखाली इनॅमलचं एक जुनं बेडपॅन सरकवायच्या आणि मगच आत जायच्या!

एकदा एका साखरपुड्याला त्या गेल्या. मुलाकडचे एक पाहुणे चपला काढताना थबकले. गाडीखाली बेडपॅन, त्यात काहीतरी काळं. ते घाबरून म्हणाले, "सिस्टर, पेशंट कुठंय?"

सिस्टरांनी बॉनेटवर हात ठेवला. "उभी आहे की तुमच्यासमोर!"

*

याच बेडपॅननं घात केला.

गाडीचं पासिंग संपत आलं होतं. सिस्टर स्वतःच गाडी घेऊन आरटीओच्या पासिंगच्या मैदानावर गेल्या. लाइट बघून झाले, ब्रेक बघून झाले, हॉर्न तर असा वाजला की शेजारचा रिक्षावाला दचकला. साहेबांना गाडी आवडली. ते कागद पुढं घेऊन सही करणार, तेवढ्यात उन्हात उभं राहून कंटाळलेल्या सिस्टर सवयीनं वाकल्या आणि गाडीखाली बेडपॅन सरकवलं!

साहेब म्हणाले, "हे काय?"

सिस्टर आयुष्यात पेशंटशी खोटं बोलल्या नाहीत, साहेबांशी काय बोलणार? म्हणाल्या, "तेल गळतं ना, म्हणून ठेवते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "गळती थांबवून महिन्याभरात परत आणा."

सिस्टर तिथून थेट आमच्याकडे आल्या. हे सगळं ऐकताना पप्पा हसले, चाचा तर स्टुलावरून पडायचे राहिले. सिस्टर हसल्या नाहीत.

"सुनील," त्या पप्पांना म्हणाल्या, "माझा मुलगा म्हणतो, आता ही भंगारात दे आणि पुण्याला ये. तिथं तुला गाडी लागणारच नाही. ते खरंच आहे. सातव्या मजल्यावर गाडी कशाला लागते? पण ही आहे तोवर मी माझ्या घरात आहे. ही गेली की वस्तीवरून बाजारात यायला मला कुणाच्या तरी मागं बसावं लागेल. मग मी किती दिवस राहीन इथं?"

पप्पांचं हसू गेलं. त्यांनी ते बेडपॅन उचललं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"हे आजपासून आमच्याकडं ॲडमिट!"

*

तेल गळतं हे कुणालाही दिसतं. कुठून गळतं हे शोधणं अवघड. वरून निघतं, वाऱ्यानं मागं जातं आणि तिसऱ्याच ठिकाणाहून टपकतं. म्हणून पप्पांची एक पद्धत आहे. इंजिन डिझेलनं स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं आणि त्यावर पावडर मारायची. मग गाडी चालवायची. जिथं पावडर ओली, तिथं गळती.

गॅरेजमधली खडूची भुकटी संपली होती. पप्पा वर गेले आणि मम्मीचा अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आले. नवा कोरा. मोगऱ्याचा.

पूर्ण डबा संपला! इंजिन पांढरंशुभ्र. गॅरेजभर मोगरा. रस्त्यावरून उसाची ट्रॉली घेऊन चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला आणि ओरडला, "भाऊ, नवरी कुठली हाय?"

चक्कर मारून आल्यावर सगळे बॉनेटमध्ये वाकले. पप्पा मोजत होते. "एक इथं... दोन... हे तीन... चार..."

"पाच," चाचा खालून म्हणाले. ते गाडीखाली झोपले होते. "आन् एक सांगू का, भाऊ?"

"काय?"

"मोजायचं थांबवा. जिथं पावडर कोरडी हाय ते सांगतो, लवकर हुईल!"

तेवढ्यात मम्मी खाली आली. तिनं रिकामा डबा बघितला, इंजिन बघितलं, पप्पांकडं बघितलं.

"माझ्या लग्नात मला एवढी पावडर लावली नव्हती!"

*

चाचा पप्पांपेक्षा वयानं मोठे. त्यांचं नाव काय हे मला चौथीपर्यंत माहीत नव्हतं, सगळे चाचाच म्हणतात. लोखंडाचे दोन भाग जिथं जुळतात, तिथं मध्ये कागदाचं किंवा बुचाचं पॅकिंग लागतं, नाहीतर तेल बाहेर येतं. या गाडीचं काही पॅकिंग आता दुकानात मिळत नाही. चाचा ते हातानं कापतात. कागद भागावर ठेवतात आणि कडेकडेनं छोट्या हातोडीनं ठक ठक ठक करत जातात. लोखंडाची कडाच कागद कापते. कात्री लागतच नाही.

कागद मात्र साधा नाही. चाचांना लग्नपत्रिका लागते. जाड, गुळगुळीत, जुन्या पद्धतीची. आणि त्यांचा एक नियम आहे : पत्रिका टिकलेल्या लग्नाची पाहिजे. "लगीन टिकलं तर पॅकिंग टिकतं," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की हसायची हिंमत होत नाही.

मम्मीनं पत्रिकांचा डबा आणला.

"वहिनी, ही?"

"ही नको. सासू लई कडक आहे."

"सासूचं चालतंय हो! नवरा-बायकोचं बोला."

"मग ठीक आहे. ही बघा, माझ्या मामेबहिणीच्या मुलीची. सोन्यासारखं जोडपं."

सोन्यासारखं जोडपं इंजिनाच्या पुढच्या झाकणाखाली बसलं. तिसऱ्या दिवशी तिथूनच तेल यायला लागलं.

चाचांना हे सहन झालं नाही. त्यांनी झाकण खोललं, पॅकिंग उजेडात धरलं. कुठंही काम वाकडं नव्हतं. तेलकट कागदावर 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येत होतं. ते मम्मीकडं बघत राहिले. मम्मीनं गुपचूप मामेबहिणीला फोन लावला. पाच मिनिटं नुसती "अगं बाई... अगं बाई..." करत होती.

फोन ठेवून म्हणाली, "पोरगी दोन महिन्यांपासून माहेरी आहे."

"बघा!" चाचांनी हातोडी टेबलावर आपटली. "माझं काम चुकत न्हाई!"

मग पप्पांनी डब्याच्या तळातली पत्रिका काढली. त्यांची आणि मम्मीची. चाचांनी कापली, पप्पांनी स्वतः बसवली, आणि बोल्ट आवळताना नेहमीपेक्षा अर्धा आटा जास्त दिला.

दारातून मम्मी म्हणाली, "फार आवळू नका. फाटेल!"

*

शेवटी खालचं ऑइलचं भांडं खोलून त्याचंही पॅकिंग बदललं. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. ही परीक्षाच. सकाळी पेपरवर डाग दिसला तर नापास.

सकाळी पप्पा वाकले. पेपर कोरडा! राशिभविष्य, हवामान, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. एक थेंब नाही!

पप्पांनी पेढे मागवले. शेजारच्या पंक्चरवाल्याला दिले, चहावाल्याला दिले, सिस्टरांना फोन करून या म्हणाले. त्या रिक्षानं आल्या, त्यांना दोन दिले. सिस्टरांनी एक खाल्ला आणि दुसरा बॉनेटवर ठेवला, गाडीला. पप्पा किल्ली घेऊन आत बसले.

"थांबा," चाचा म्हणाले.

चाचांनी पेढा खाल्ला नव्हता. त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. कोरडी. लखलखीत.

भांडं खोलताना तेल काढलं होतं. ते परत घालायचंच राहिलं होतं! तशीच गाडी सुरू केली असती तर इंजिन दोन मिनिटांत जाम झालं असतं आणि पुढं काही बोलायलाच उरलं नसतं.

पप्पांच्या हातातली किल्ली तशीच. सिस्टरांनी बॉनेटवरचा पेढा उचलला आणि तोंडात टाकला.

"उपाशी पोटी पेशंटला गोड देत नाहीत."

*

तेल घातलं, गाडी सुरू केली, गरम झाली आणि परत गळायला लागली. नव्या पॅकिंगमधून! पप्पा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. महिना संपायला आठवडा राहिला होता. सिस्टर रोज दुपारी यायच्या, माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. न विचारणंच पप्पांना जास्त लागायचं.

अशाच एका दुपारी पप्पांचा मोबाईल वाजला. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे. "स्पीकरवर टाक गं," ते मला म्हणाले. मी टाकला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

सिस्टरांचा मुलगा होता. पुण्याहून.

"काका, एक विनंती होती. राग मानू नका. तुम्ही आईला सांगा ना, आता ही गाडी होण्यासारखी नाही म्हणून. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. ती एकटी त्या रस्त्यानं गाडी चालवते, मला इकडं रात्री झोप लागत नाही हो."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी सिस्टरांकडं बघितलं. फोन बंद करायचं बटण मला सापडेना. म्हणजे समोरच होतं, पण सापडेना.

सिस्टर उठल्या. माझ्या हातातला फोन त्यांनी हळूच घेतला.

"बाळा, जेवलास का?"

तिकडून अगदी लहान मुलासारखं, "...हो, आई."

"मग आज झोप लागेल. ठेव फोन."

*

दुसऱ्या दिवशी सिस्टर पर्समधून ॲल्युमिनियमची एक वस्तू घेऊन आल्या. छोट्या नरसाळ्यासारखी. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची नळी. आईच्या पोटावर रुंद तोंड ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा.

"सुरू कर, सुनील."

इंजिन सुरू झालं. एका बाजूनं सिस्टर वाकल्या, नळी इंजिनावर. दुसऱ्या बाजूनं चाचा वाकले, त्यांची नळी म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. दोघांचे डोळे मिटलेले. चहावाला चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"ठोके बरोबर हायेत," चाचा म्हणाले.

"ठोके चांगलेच आहेत," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं धरून वरचं तेल घालायचं झाकण उघडलं. आतून फुसफुस करत गरम वाफ आली, त्यांचा चष्मा धुरकटला. "पण जीव कोंडलाय हिचा. सुनील, ही श्वास कुठून सोडते?"

"ब्रीदरची नळी असते ना, बाजूला, खाली..." पप्पा म्हणाले.

प्रत्येक पॅकिंग बदललं होतं. त्या नळीकडं कुणी बघितलंच नव्हतं. इतकी साधी वस्तू की तिच्यात काही बिघडेल असं वाटलंच नाही.

पप्पा गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती नळी होती आणि नळीचं तोंड मातीनं गच्च बंद. कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं! उन्हाळ्यात सिस्टरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं गाडी दोन महिने एका जागी उभी होती, तेव्हाचं. इंजिनातली हवा बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती तेलाला ढकलत होती, जिथून वाट मिळेल तिथून. चांगल्या पॅकिंगमधूनसुद्धा!

चाचांनी माझ्या मम्मीला हाक मारली. "वहिनी! त्या पोरीच्या घरी सांगा, लगीन चांगलं हुतं म्हनावं! वाट बंद हुती!"

पप्पा तारेनं माती उकरायला लागले, तसा सिस्टरांनी त्यांचा हात धरला. "हळू. आत पिल्लं असतील." त्यांनी मातीचा तो गोळा अख्खा बाहेर काढायला लावला आणि खिडकीत सावलीला ठेवला.

पप्पा म्हणाले, "सिस्टर, हिनं तुमची गाडी भंगारात घातली असती!"

"असू दे. बाळंतिणीशी भांडू नये."

*

पासिंगच्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मलाही नेलं. सिस्टर चालवत होत्या, पप्पा शेजारी, मी आणि चाचा मागं. पुणतांब्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. चाचा दर दहा मिनिटांनी म्हणत, "सिस्टरबाई, जरा साईडला घ्या," आणि उतरून खाली बघत. पाच वेळा बघितलं. पाचही वेळा कोरडं.

"मागच्या बाजूनं एखादा थेंब येऊ शकतो," चाचा मला हळूच म्हणाले. "या इंजिनाची घडनच तशी हाय. पन आता न्हाई यायचा. दुवा कर."

मैदानावर तेच साहेब होते. त्यांनी सिस्टरांना लगेच ओळखलं. हसले नाहीत, पण ओळखलं. लाइट बघितले, ब्रेक बघितले. चाचा उतरून पप्पांजवळ उभे राहिले. मी आतच बसून होते, कारण साहेबांच्या समोरून उतरायचं मला धाडस होत नव्हतं. बॉनेट उघडलं. साहेबांनी आत बघितलं आणि म्हणाले, "अरे वा. काम केलंय."

पप्पांनी श्वास सोडला.

मग साहेब खाली वाकले. बराच वेळ वाकलेले. पप्पाही वाकले. चाचाही. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

इंजिनाच्या मागच्या बाजूला एक थेंब जमला होता. मुगाएवढा. तो मोठा झाला. हरभऱ्याएवढा झाला. सगळे त्याच्याकडं बघत होते. तो लोंबला आणि टपकन मातीत पडला.

"साहेब, ते काय आहे..." पप्पा म्हणाले. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. साहेब सरळ उभे राहिले. त्यांनी कागद समोर धरला आणि पेनाचं टोपण काढलं. चेहरा कोराच.

"गळती अजून आहे," ते म्हणाले.

सिस्टर गाडीच्या मडगार्डला टेकल्या होत्या, तिथून दोन पावलं पुढं आल्या.

"साहेब, लग्न झालंय तुमचं?"

साहेब गोंधळले. "हो."

"मुलं?"

"दोन."

"मग घरी विचारा. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला जोरात शिंक आली की काय होतं." सिस्टरांनी गाडीच्या मागच्या दाराकडं बोट दाखवलं. "दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत या सीटवर एकोणीस झालीत."

मी दार उघडून पटकन खाली उतरले.

साहेब त्या रिकाम्या सीटकडं बघत राहिले. मागं उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सगळी सुखरूप?"

"सगळी," सिस्टर म्हणाल्या. "आयांसकट."

साहेबांनी कागद बॉनेटवर ठेवला, सही केली आणि मान वर न करता ओरडले, "पुढची गाडी घ्या!"